घरच्या कॉम्प्युटरवर गाण्यांची सीडी भरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पेठेत चालू सीडी रायटर असलेला मी बहुतेक एकटाच उरलोय. कुणाच्या वडिलांची पंचाहत्तरी आली, कुणी जुनी गाडी घेतली, की फोन येतो, “दादा, एक सीडी मारून मिळंल का?” मारून द्यायला हरकत नाही, पण घरच्या घरी जमण्यासारखं काम आहे, आणि प्रश्नही तेच तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं.

कॉलेजात असताना मी कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या एका कॅसेटच्या दुकानात संध्याकाळी बसायचो. लोक वहीच्या पानावर यादी आणायचे, आम्ही साठ नाहीतर नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचो. सीडी भरण्यातलं निम्मं शहाणपण मला तिथंच मिळालं. उरलेलं निम्मं सीडी वाया घालवून.

मोबाइल आहे, पेन ड्राइव्ह आहे. सीडी कशाला?

ज्यांना द्यायची आहे त्यांच्याकडे सीडी प्लेअर आहे म्हणून. एवढं एक कारण पुरतं. सत्तरीतल्या माणसाला ब्लूटूथ जोडून द्या, दुसऱ्या दिवशी तो तुटलेला असतो. सीडीचं तसं नाही, आत ढकलली की वाजते.

सगळ्यात आधी काय ठरवायचं? गाणी?

नाही. कशावर वाजणार आहे ते. गाणी नंतर.

गडहिंग्लजच्या मावशी-काकांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा मी दीडशे गाण्यांची सीडी केली होती. त्यांच्या लग्नाच्या आधीपासूनची गाणी, वर्षाप्रमाणे लावलेली. घरी कॉम्प्युटरवर दोनदा वाजवून पाहिली. तिकडे पोचलो, हॉलमध्ये पन्नासेक माणसं, हातात जिलेबीच्या डिशा, आणि काकांच्या म्युझिक सिस्टिमच्या हिरव्या पडद्यावर ‘नो डिस्क’. काढली, पुसली, परत घातली. नो डिस्क. काका म्हणाले, “काय रं, वाजंना की!” सीडी चांगली होती, प्लेअरही चांगला होता. मी एमपीथ्री सीडी केली होती आणि काकांचा प्लेअर फक्त ऑडिओ सीडी वाचणारा होता. शेवटी एका भाच्याने मोबाइल माइकसमोर धरला.

त्या दिवसापासून फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्लेअरच्या तोंडावर काय काय छापलंय ते वाचून दाखवा. ‘एमपीथ्री’ कुठेही लिहिलेलं नसेल तर तो एमपीथ्री वाजवत नाही असंच धरून चाला.

ऑडिओ सीडी आणि एमपीथ्री सीडी, दोन्ही सीडीच ना?

दिसायला. ऑडिओ सीडी म्हणजे दुकानात मिळायची तशी. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० मध्ये तिचे नियम ठरवले: सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल. तिच्यावर आपल्या ओळखीच्या अर्थाने ‘फाइली’ नसतातच, आवाजाची एक सलग वाट असते आणि सुरुवातीला कुठलं गाणं कुठे सुरू होतं याची नोंद. जगातला कुठलाही सीडी प्लेअर ती वाजवतो.

एमपीथ्री सीडी म्हणजे कॉम्प्युटरची डेटा सीडी, जिच्यावर योगायोगाने गाण्यांच्या फाइली आहेत. ती वाजवायची तर प्लेअरला फाइल उघडता आली पाहिजे आणि एमपीथ्रीचा आवाज उलगडता आला पाहिजे. जुन्या प्लेअरला यातलं काहीच येत नाही.

शंका असेल तर ऑडिओ सीडीच करा. खाली जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे मी ऑडिओ सीडीबद्दलच बोलतोय.

डबीवर ७०० एमबी लिहिलंय, माझी गाणी २०० एमबीच आहेत. तरी ‘जागा नाही’ का म्हणतंय?

हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की उत्तर झोपेत देईन. एमबी विसरा, मिनिटं मोजा. डबीवर ७०० एमबीच्या शेजारी ‘८० मिनिटं’ असंही छापलेलं असतं, आपल्या कामाचा आकडा तो.

एमपीथ्री म्हणजे दाबून भरलेली पिशवी. १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) फाइल मिनिटाला जेमतेम १ एमबी घेते. ऑडिओ सीडी करताना सॉफ्टवेअर ती पिशवी सोडतं आणि तोच आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी होतो. तुमच्या २०० एमबीत तीन तासांच्या वर गाणी आहेत. ८० मिनिटांच्या सीडीवर ती कशी मावणार?

जाता जाता, दाबलेली पिशवी सोडली म्हणून आत नसलेला माल परत येत नाही. खराब एमपीथ्रीची ऑडिओ सीडी केली तर ती खराबच वाजते, फक्त जास्त जागा घेऊन.

आणि हिशेबी माणसासाठी: ८० मिनिटांचा ऑडिओ मोजला तर ८०० एमबीच्या वर भरतो. मग डबीवर ७०० का? डेटा भरताना एक बिटही चुकून चालत नाही, म्हणून चूक दुरुस्त करण्यासाठी ज्यादा जागा राखली जाते. गाण्यात एखादा कण हुकला तर प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून तो भरून काढतो, कानाला कळतही नाही.

मग गाणी किती बसतात?

जुनी भावगीतं, चित्रपटगीतं असतील तर बावीस-तेवीस. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तव्यावर, म्हणजे रेकॉर्डवर, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे त्या काळातलं गाणं तेवढंच असतं. गायक-वादक सगळे त्या मापात बसवून घ्यायचे. नाट्यगीतं, अभंग मैफिलीतले असतील तर आठ-दहावरच सीडी भरते. नियमाप्रमाणे एका सीडीवर ९९ पर्यंत ट्रॅक चालतात, पण तिथपर्यंत कुणी जात नाही.

“गीतरामायण एका सीडीत बसवून दे” हीही नेहमीची मागणी. आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांचं संगीत, त्यामुळे इथे त्याच्यावर हक्क सांगणारे घरोघरी आहेत. पण गाणी आहेत ५६. एक गाणं अगदी पाचच मिनिटांचं धरलं तरी २८० मिनिटं झाली, म्हणजे कमीत कमी चार ऑडिओ सीडी, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच. प्लेअर एमपीथ्री घेत असेल तर मात्र एकीत आरामात बसतं, कारण १२८ केबीपीएसने एका सीडीवर बारा तासांच्या वर गाणी मावतात.

गाणी आणायची कुठून?

घरात पडलेल्या विकतच्या सीडी सगळ्यात उत्तम. त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, पण एमपीथ्रीत नको, वेव्ह नाहीतर फ्लॅकमध्ये, म्हणजे काही हरवत नाही. विकत घेऊन डाउनलोड केलेली गाणीही चालतात. महिन्याला पैसे भरून ऐकतो त्या अ‍ॅपमधलं ‘डाउनलोड’ मात्र चालत नाही, ती फाइल कुलूपबंद असते आणि त्या अ‍ॅपशिवाय उघडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून आलेली गाणी कृपा करून घेऊ नका. मोबाइलच्या स्पीकरवर खपतात, मोठ्या स्पीकरवर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी लागतात.

घरच्या जुन्या कॅसेटवरचा आवाज सीडीवर घेता येतो का?

येतो, आणि माझ्या मते सीडी करण्याचं आजचं खरं कारण हेच आहे. बाकीची गाणी कुठेही मिळतील, ही मिळणार नाहीत.

आमच्याकडे १९८८ ची एक नव्वदची कॅसेट आहे. वडिलांनी टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवून आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या. जातं तेव्हाही रोज वापरात नव्हतं, खास टेपसाठी धुऊन पुसून काढलं होतं. ती कॅसेट सीडीवर घेताना जे जे केलं ते सांगतो.

कॅसेट आधी नीट बघा. पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या कॅसेटच्या फितीवर पांढरे ठिपके, बुरशी दिसली तर ती लावू नका, हेडही घाण होतं आणि फीतही तुटते. फीत चांगली असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं एकाच जागी चिकटलेले वेढे मोकळे होतात. टेपचं हेड कानकोरणीच्या कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. कापूस तपकिरी निघाला की समजा, निम्मा आवाज तिथेच अडकला होता.

मग टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरच्या निळ्या भोकात. निळं म्हणजे लाइन-इन. गुलाबी माइकचं असतं, त्यात घातलं तर आवाज फाटतो. लॅपटॉपला बहुतेक निळं भोक नसतंच, तिथे यूएसबीला लागणारं छोटं ऑडिओ कॅप्चर यंत्र घ्यावं लागतं.

सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट आहे. ४४,१०० हर्ट्झवर ठेवा. आवाजाची पट्टी सगळ्यात मोठ्या जागी उणे ६ डेसिबलच्या आसपास जाईल एवढाच टेपचा व्हॉल्यूम ठेवा. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. नव्वदची कॅसेट म्हणजे नव्वद मिनिटं बसायचं, याला शॉर्टकट नाही. मी बसलो होतो. चौदाव्या मिनिटाला मागे कुकरची शिट्टी होते, आजी ओवी मधेच थांबवून “गॅस बारीक कर गं” म्हणते आणि पुढच्या क्षणी त्याच सुरात ओवी उचलते. चौतीस-पस्तीस वर्षं आमच्यापैकी कुणी ती शिट्टी ऐकली नव्हती.

एका सलग फाइलचे तुकडे करायला प्रत्येक ओवीच्या सुरुवातीला कंट्रोल-बी दाबून लेबल टाका. शेवटी लेबलनुसार वेगवेगळ्या फाइली एका दमात बाहेर काढता येतात.

खरखर काढायची किती?

थोडी. ऑडॅसिटीत ‘नॉइज रिडक्शन’ आहे: फितीवरची नुसती खरखर असलेला एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडून त्याला दाखवायचा, मग तो तसला आवाज सगळीकडून कमी करतो. ६ ते ८ डेसिबलवर थांबा. हाव धरून २० वर नेलं की गाणारा माणूस रंकाळ्याच्या तळातून गातोय असं वाटतं.

कुकरची शिट्टी काढू का, असं भावाने विचारलं होतं. मी त्याला माउसला हात लावू दिला नाही.

एक गाणं कानठळ्या बसवतं, दुसरं ऐकूच येत नाही. काय करू?

१९६० चं गाणं आणि आत्ताचं गाणं शेजारी ठेवलं की हे होणारच, नवी गाणी मुळातच मोठ्याने भरलेली असतात. नुसतं ‘नॉर्मलाइझ’ करून उपयोग नाही, ते फक्त सगळ्यात उंच टोक बघतं. कानाला जाणवणारा आवाज सारखा करायचा असेल तर ऑडॅसिटीतलं ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ वापरा. मी सगळी गाणी उणे १८ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणतो. नव्या गाण्याचा आवाज खाली आणा, जुन्याचा ओढून वर नेऊ नका, नाहीतर त्याची खरखरही वर येते.

गाण्यांचा क्रम कसा लावायचा?

इथे लोक सगळ्यात कमी वेळ देतात आणि मला सगळ्यात जास्त मजा इथेच येते.

मोबाइलवर आवडलं नाही की पुढे ढकलतात. सीडी लावून माणूस चहा करायला जातो, ती जशी भरली तशी वाजते. म्हणून ८० मिनिटांची मैफल मांडायची. आपल्याकडे मांडणी तयारच आहे: सकाळची भूपाळी, मग अभंग, मध्ये नाट्यगीत, भावगीतं, आणि शेवटी भैरवी. भैरवी झाली की कुणी ‘अजून एक’ म्हणत नाही, माणसं चपला शोधायला लागतात. (भैरवी म्हटल्यावर सांगायलाच हवं. शाहू महाराजांच्या दरबारातल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली. तीही निवडक गाण्यांची तबकडीच. भरणाऱ्याला प्लेअर कुणाकडे असेल ते मात्र माहीत नव्हतं.)

मांडणी तमाशाचीही चालते: आधी गण, मग गवळण, मग लावणी. हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या घासून आलाय, त्यात गणपतीला आणि लावणीला दोघांनाही जागा आहे. अभंगाला लागून थेट लावणी मात्र मी एकदाच लावली. वडील काही बोलले नाहीत, उठून गॅलरीत गेले.

बाकी अनुभवातून आलेले दोन-तीन ठोकताळे. एकाच गायकाची तीन गाणी लागोपाठ नकोत. पोवाडा घ्यायचा तर एकच, आणि मधोमध, कारण डफ वाजल्यावर पुढचं शांत गाणं मार खातं. गाडीसाठी असेल तर ज्योतिबाचा घाट चढताना अंगाई लागणार नाही एवढं बघा. आणि ज्यांच्यासाठी सीडी आहे त्यांचं सगळ्यात आवडतं गाणं पहिलं ठेवू नका. चौथं-पाचवं ठेवा, म्हणजे ते येईपर्यंत कान लागलेले असतात.

यादी ९५ मिनिटांची होते आणि काय वगळायचं कळत नाही, असं सगळेच म्हणतात. दुकानात आम्ही गिऱ्हाइकाला एकच विचारायचो, “हे तुम्हाला आवडतं का त्यांना?” तिथेच चार-पाच गाणी कटायची.

दोन गाण्यांच्या मध्ये दोन सेकंद शांतता येते. ती काढता येते का?

येते. एरवी ती बरीच असते. पण सलग भजन, कीर्तन, मैफिलीचं रेकॉर्डिंग तुकडे करून भरलं असेल तर टाळ्यांच्या मधोमध दोन सेकंद मुकाट जातात, ते वाईट लागतं. सॉफ्टवेअरमध्ये गॅप शून्य करा आणि ‘डिस्क अ‍ॅट वन्स’ (अख्खी सीडी एका दमात भरणं) निवडा. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये ‘गॅपशिवाय बर्न करा’ अशी खूण करायची जागा आहे.

सॉफ्टवेअर कोणतं?

विंडोजवर आधीपासून असलेला जुना विंडोज मीडिया प्लेअर पुरतो. उजवीकडच्या ‘बर्न’ टॅबमध्ये गाणी ओढून टाका, वर ‘ऑडिओ सीडी’ निवडलंय ना ते बघा, बटण दाबा. जास्त ताबा हवा असेल तर सीडीबर्नरएक्सपी किंवा इमजीबर्न, दोन्ही फुकट. लिनक्सवाल्यांना ब्रासेरो, के-थ्री-बी. मॅकवर म्युझिक अ‍ॅपमध्ये प्लेलिस्ट करून तीच डिस्कवर बर्न करता येते.

एक खड्डा आहे, त्यात सगळे पडतात. कोरी सीडी घातली की विंडोज विचारतं, ‘यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची का?’ माणूस सरळ मनाने ‘हो’ म्हणतो, फोल्डर उघडून गाणी पेस्ट करतो. कॉम्प्युटरवर ती मस्त वाजते. गाडीत घातली की थोडा वेळ घरघरते आणि बाहेर येते. त्या प्रश्नाची खिडकी बंद करा आणि सॉफ्टवेअरमधूनच भरा.

माझ्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही.

बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी रायटर मिळतो, चपटा, पुस्तकाएवढा. मधेच बंद पडत असेल तर तो लॅपटॉपलाच थेट जोडा. हबमधून त्याला पुरेशी वीज मिळत नाही.

कोरी सीडी कुठली घ्यायची? आरडब्ल्यू घेतली तर परत परत वापरता येईल ना?

सीडी-आर घ्या, म्हणजे एकदाच भरता येणारी. आरडब्ल्यू पुसून परत भरता येते हे खरं, पण ती उजेड कमी परावर्तित करते, म्हणून जुने प्लेअर तिला ओळखतच नाहीत. डीव्हीडी तर सीडी प्लेअरमध्ये अजिबात नाही. राजारामपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानात विचारा, समोर दिसली नाही तरी आत कुठेतरी पन्नासचा डबा धूळ खात असतो. पण डबा उन्हात, काचेच्या शोकेसमध्ये ठेवलेला असेल तर घेऊ नका. का, ते पुढे येईल.

स्पीड किती ठेवू? ५२ लिहिलंय.

१६ किंवा २४. १६ पट म्हणजे ८० मिनिटांची सीडी पाच मिनिटांत, वर शेवटी सीडी ‘बंद’ करायला एखादं मिनिट. ५२ पट वेग तसाही फक्त बाहेरच्या कडेला गाठला जातो, वाचतात जेमतेम दोन-तीन मिनिटं. आणि घाईत भरलेली सीडी नेमकी शेवटच्या गाण्याला अडखळते, कारण सीडी आतून बाहेर भरत जाते आणि कडेला गचके जास्त. तुमची भैरवी तिथेच असते.

शेवटची ‘फायनलाइझ’ची पायरी चुकवू नका. ती झाली नाही तर सुरुवातीची नोंद लिहिलीच जात नाही आणि प्लेअरच्या लेखी सीडी कोरी.

भरताना लाइट गेली तर?

गेली. सीडीही आणि लाइटही. लॅपटॉप चार्ज करून घ्या, मेच्या वळवाच्या संध्याकाळी डेस्कटॉपवर सीडी मारायला बसू नका.

प्लेअरच्या पडद्यावर गाण्याचं नाव मराठीत दिसेल का?

ऑडिओ सीडीवर ‘सीडी-टेक्स्ट’ नावाची सोय असते, पण तिच्यात देवनागरीची व्यवस्था नाही. नावं इंग्रजी अक्षरांत लिहा. एमपीथ्रीतही गाडीचे बहुतेक प्लेअर मराठी नावाच्या जागी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दाखवतात. तिथे फाइलींच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे इंग्रजीत टाका, शून्यासकट, नाहीतर पहिल्यानंतर दहावं वाजतं.

खरी यादी कागदावर द्या. १२ बाय १२ सेंटीमीटरचा कागद डबीच्या झाकणात बसतो. मी हातानेच लिहितो. मावशीने सीडी कुठे ठेवली ते तिला आठवत नाही, पण तो कागद देवघराच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

सीडीवर नाव कशाने लिहू? छापील स्टिकर लावू का?

मऊ टोकाच्या मार्करने, हलक्या हाताने. बॉलपेनने नको. आपल्याला वाटतं चकचकीत बाजू जपायची, पण तिथे एक मिलिमीटरच्या वर प्लास्टिकचं कवच आहे, बारीक ओरखडा पॉलिश करूनही निघतो. गाणी असतात ती नावाच्या बाजूला, अगदी पातळ लाखेच्या थराखाली. तिथे टोक रुतलं की खेळ संपला.

स्टिकर नकोच. कागद जरा एका बाजूला लागला तरी सीडी डुगडुगते, आणि गाडीत गरम होऊन कोपरा उचकटला की सीडी खाचेत अडकते. एकदा चिमट्याने काढावी लागली आहे, डॅशबोर्ड उघडून.

किती वर्षं टिकते?

घरी भरलेली सीडी दुकानातल्या छापील सीडीसारखी नसते. छापीलवर खड्डे दाबून उठवलेले असतात. आपल्या सीडी-आरवर रंगाचा पातळ थर असतो आणि लेसर तो जागोजागी भाजून खुणा करतो. रंग म्हटल्यावर उन्हाने उडणारच. एप्रिलमध्ये बिंदू चौकात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर सीडी ठेवली तर तिच्याकडून वर्षांची अपेक्षा करू नका. डबीत, उभी, अंधाऱ्या कपाटात ठेवलेल्या माझ्या २००३ च्या सीडी आजही वाजतात. काही स्वस्तातल्या त्याच कपाटात गेल्या.

म्हणून सीडी हे राखण नव्हे. आजीच्या ओव्यांची मूळ वेव्ह फाइल दोन हार्ड डिस्कवर आहे, एक माझ्याकडे, एक पुण्यात बहिणीकडे. सीडी ऐकायला.

हे सगळं कायद्यात बसतं का?

स्वतःच्या खासगी वापरासाठी रास्त प्रमाणात प्रत करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मोकळीक आहे. विकण्यासाठी, वाटण्यासाठी नाही. आमचं ते कॅसेट भरून द्यायचं दुकान त्यात बसत नव्हतं, हे आज सरळ कबूल करतो. तेव्हा गल्लीत कुणालाच तसं वाटत नव्हतं.

“जुनी गाणी आता सगळ्यांचीच” असं म्हणणाऱ्यांसाठी: ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं चालतो, पण गीताचा आणि चालीचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. तवा जुना झाला तरी गाणं मोकळं झालं असं नाही. घरच्या ओव्या मात्र खुशाल वाटा.

वाया गेलेल्या सीडींचं काय करू?

मी दोऱ्यात ओवून गच्चीवर टांगल्या, कुंड्यांवर कबुतरं येऊ नयेत म्हणून. उन्हात फिरायला लागल्या की अशा चमकायच्या की चार दिवस एकही कबूतर फिरकलं नाही. आता त्याच दोरीवर बसतात.